हॅरॉल्ड हार्ट मॅन

हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ, मृदाभ्यासक आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचे संशोधक होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक म्हणून त्यांनी दोन दशके महाराष्ट्रात काम केले. पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी भारतीय अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही उल्लेखिली जाते. मात्र जमीन कशी बिघडते, ती कोणत्या खुणांवरून ओळखावी आणि पुन्हा कशी सुधारावी, या विषयावरील त्यांचे काम त्या मानाने कमी परिचित आहे. आसाम-सिल्हेटच्या चहामळ्यांतील पीटयुक्त दलदली, नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी आणि इंग्लंडमधील वोबर्न येथील आम्ल झालेली वाळूमिश्रित शेते अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणी त्यांनी हा प्रश्न हाताळला. नीरा खोऱ्यात त्यांनी अभ्यासलेला प्रश्न पुढे अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील गोदावरी व प्रवरा कालव्यांवरही उभा राहिला.

प्रारंभिक जीवन

मॅन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. लीड्स येथे त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्यानंतर रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीत संशोधन साहाय्यक म्हणून ते रुजू झाले. या संस्थेचे सल्लागार रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होलकर यांनी १८८९ ते १८९१ या काळात भारताचा दौरा करून येथील शेतीवर सविस्तर अहवाल लिहिला होता. भारतीय शेतकरी अडाणी आहे ही त्या काळी रूढ असलेली समजूत त्या अहवालाने बऱ्याच अंशी खोडून काढली होती. मॅन यांच्या पुढील लेखनातही हीच दृष्टी आढळते.

चहामळे आणि पीटभूमी

१९०० मध्ये इंडियन टी असोसिएशनने मॅन यांना शास्त्रीय अधिकारी म्हणून कलकत्त्याला बोलावले. चहावरील कीड, रोग आणि मळ्यांच्या जमिनी हे त्यांच्या कामाचे विषय होते. जॉर्ज वॅट यांच्यासह त्यांनी चहाच्या कीडरोगांवरील ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९०३ मध्ये सिद्ध केली. काचार व सिल्हेट येथील चहाच्या जमिनींवरील त्यांचे पुस्तकही याच सुमाराचे आहे.

त्या भागात चहा टेकड्यांवर, सपाट जमिनीवर आणि 'बील' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दलदलींतही लावला जाई. बीलांची जमीन म्हणजे पीट. सतत पाण्याखाली राहिल्याने हवेअभावी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर शतकानुशतके साचत जातात आणि काळपट, स्पंजासारखी, वजनाला हलकी अशी भूमी तयार होते. मळेवाल्यांनी चर खणून हे पाणी काढून टाकले आणि तेथे चहा लावला. सुरुवातीला झाडे जोमाने वाढत.

पण पीटभूमीचे पाणी काढले की तिचा ऱ्हासही सुरू होतो. थरांत हवा शिरते, न कुजलेला भाग कुजू लागतो, त्यातील कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि जमीन अक्षरशः खाली बसते. चर जितका खोल, तितकी ही झीज वेगवान. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात होम फेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. खांब जागचा हललेला नाही, भोवतालची पीटभूमी खचली आहे. पाणी फार राहिले तर पीक नाही आणि फार काढले तर जमीन राहत नाही, अशी ही अडचण आहे. दख्खनमध्ये मॅन यांच्यासमोर आलेली जमीन पीटची नव्हती. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारावर पीट तयारच होत नाही. प्रश्न मात्र पुन्हा जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीचाच होता.

पुणे येथील कार्य

१९०७ मध्ये मॅन पुण्यात आले. कृषिशिक्षणाचे वर्ग तोवर विज्ञान महाविद्यालयाला जोडलेले होते. आता त्यांचे स्वतंत्र महाविद्यालय झाले आणि मॅन त्याचे प्राचार्य झाले. इलाख्याच्या कृषिरसायनतज्ज्ञाचे कामही त्यांच्याकडे होते. (हे महाविद्यालय आज राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे.) द. ल. सहस्रबुद्धे, वि. अ. ताम्हणे आणि ना. वि. कानिटकर हे त्यांचे सहकारी होते. मॅन यांच्या महत्त्वाच्या प्रकाशनांवर या सहकाऱ्यांची नावे सहलेखक म्हणून छापलेली आहेत. त्या काळच्या सरकारी खात्यांत ही रीत सार्वत्रिक नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे.

पुण्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांच्या आर्थिक स्थितीवर त्यांनी लिहिलेला लेख १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या कातळातील विहिरींच्या पाण्याचाही त्यांनी अभ्यास केला.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने दख्खनमध्ये कालव्यांची कामे हाती घेतली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहता झाला. दुष्काळी भागाला संरक्षण देणे हा त्यामागील हेतू होता, पण शेतकऱ्यांनी पाण्याचा उपयोग प्रामुख्याने उसासाठी केला. ऊस बारमाही पीक असल्याने जमीन वर्षभर ओली राहू लागली. वीस-पंचवीस वर्षांच्या आतच बारामतीच्या आसपास काही शेते पांढरी पडू लागली.

मॅन आणि ताम्हणे यांनी या जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये 'नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी' या विषयावरील पुस्तिका कृषिखात्यातर्फे प्रसिद्ध केली. हा बिघाड पुढीलप्रमाणे घडतो. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम असतो आणि त्याखाली कातळ. कालव्याच्या पाझराचे आणि पिकाला दिलेल्या जादा पाण्याचे झिरपून खाली गेलेले पाणी कातळावर अडते. ओढ्याकडे त्याला वाट मिळाली नाही, तर पातळी वर सरकत राहते. पृष्ठभागापासून काही फुटांवर ती आली की बारीक काळ्या मातीच्या कणांमधून पाणी आपोआप वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. प्रथम ऊस पिवळा पडतो, मग उगवण विरळ होते, शेवटी जमिनीवर पांढरा थर येतो. सोडियमचे प्रमाण वाढले की माती चिकट बनते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. शेतकरी नुसत्या ओल धरून बसलेल्या जमिनीला चिबड म्हणतात. चिबड जमिनीची पुढे खारवट किंवा चोपण होते, हा क्रम गावकऱ्यांनाही ठाऊक होता. प्रयोगशाळेने त्याला कारण आणि आकडे दिले.

उपाय तत्त्वतः साधा होता. मुरुमापर्यंत खोल चर खणून अडलेल्या पाण्याला वाट करून द्यायची, पाण्याच्या पाळ्या कमी करायच्या आणि मग वरून पाणी देऊन क्षार धुऊन काढायचे. प्रत्यक्षात तो कठीण ठरला. चर एका शेतात खणून भागत नाही. तो खालच्या शेजाऱ्यांच्या जमिनींतून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि ज्याची जमीन अजून चांगली आहे तो त्यासाठी जागा वा पैसा का देईल? शिवाय उंचावरच्या शेतात दिलेल्या जादा पाण्याने खालच्या माणसाचे शेत बुडते. नुकसान करणारा आणि नुकसान सोसणारा बहुधा एक नसतो. कालवा पाटबंधारे खात्याचा आणि जमीन शेतकऱ्याची असल्याने जबाबदारी कोणाची हा वादही होताच.

मुंबई सरकारने १९१६ मध्ये सिंचन आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठी विशेष सिंचन विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस यांनी त्याचे नेतृत्व केले. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याच विभागाचे आजचे रूप आहे. त्याआधी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यात कार्यकारी अभियंता असताना नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धती सुचवली होती. उसाचे क्षेत्र ठरावीक प्रमाणात राखून उरलेल्या जमिनीत हलकी पिके घ्यावीत आणि पाणी अधिक शेतकऱ्यांत वाटले जावे, असा तिचा आशय होता.

अहमदनगर जिल्ह्यातील कालवे

नीरा खोऱ्यातील अनुभव ताजा असतानाच अहमदनगर जिल्ह्यात मोठ्या सिंचनाला आरंभ झाला. नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यापासून निघालेले गोदावरीचे कालवे कोपरगाव परिसरात आले. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, नेवासे या भागांत बारमाही पाणी पोहोचवले. हरेगाव येथे १९२० च्या सुमारास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच जिल्ह्याचा दक्षिण व पूर्व भाग, म्हणजे पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, मात्र कोरडाच होता. मॅन यांच्या कृषिसंचालकपदाच्या काळात एकाच जिल्ह्यात जमिनीचे दोन विरुद्ध विकार अशा रीतीने शेजारी शेजारी होते.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात अपेक्षेप्रमाणे चिबड आणि चोपण जमिनी दिसू लागल्या. नीरेवर जे नंतर कळले ते येथे आधीच माहीत होते. तरीही निचऱ्याचे चर कालव्याच्या बरोबरीने खणले गेले नाहीत. त्यांचा खर्च कालव्याच्या अंदाजपत्रकात सहसा धरला जात नसे आणि पाणीपट्टीचे उत्पन्न उसावरच अवलंबून होते. मॅन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या खात्याला सल्ला देण्याचा अधिकार होता, पाटाचे दार कधी उघडायचे हे ठरवण्याचा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याची समृद्धी उसाशी जोडली गेली. निचऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

पिंपळे सौदागर आणि जातेगाव

पवनेच्या काठी वसलेले पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग असून तेथे शेताऐवजी बहुमजली इमारती आहेत. मॅन यांनी निवडले तेव्हा ते पुण्याजवळचे एक साधे शेतकरी गाव होते. या गावाची जमीन, पिके, कर्ज, उत्पन्न आणि खर्च यांची कुटुंबवार नोंद करून त्यांनी १९१७ मध्ये 'दख्खनच्या एका खेड्यातील जमीन व श्रम' हा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१५ च्या सुमारास केवळ ७ एकर उरले. गावातील १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते.

पाहणीतील १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह स्वतःच्या जमिनीवर नीट होत होता. आणखी २८ कुटुंबे बाहेरच्या कामामुळे तग धरून होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्याच राहणीच्या किमान मानाला पुरत नव्हते. हा निष्कर्ष शहराजवळच्या गावापुरता असेल अशी शंका येऊ नये, म्हणून त्यांनी कानिटकरांसह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी केली आणि ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे अशा तोट्यातील कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. अहमदनगर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यातील हे गाव, आणि तेथील चित्र पलीकडच्या पारनेर-श्रीगोंद्याच्या कोरडवाहू गावांहून फार वेगळे असण्याचे कारण नव्हते.

या आकड्यांनी मोठा वाद उभा राहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करावेत असे मॅन यांच्या आधीचे कृषिसंचालक जी. एफ. कीटिंग यांच्यासह अनेकांचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात वेगळी भूमिका घेतली. दोष तुकड्याच्या आकारात नसून भांडवलाच्या अभावात आणि जमिनीवर पडलेल्या माणसांच्या भारात आहे, उद्योगीकरणाखेरीज तो हटणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबई कायदेमंडळात १९२७ मध्ये मांडलेले लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक तीव्र विरोधामुळे बारगळले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये झाला. मॅन यांची पाहणी दोन्ही बाजूंना उपयोगी पडण्याजोगी होती, कारण तिने उपायापेक्षा स्थितीचे वर्णन अधिक काटेकोरपणे केले होते.

कोरडवाहू शेती व पर्जन्याचा अभ्यास

मॅन कृषिसंचालक असताना १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे ताम्हणे आणि कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू केले. भारतातील या विषयाच्या पद्धतशीर संशोधनाची सुरुवात सामान्यतः येथूनच मानतात. पुढे कानिटकरांनी सोलापूर येथे हे काम वाढवले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि ओल टिकवण्याच्या पद्धती तेथे तपासल्या गेल्या.

१९२७ मध्ये निवृत्त झाल्यावरही दख्खनचा पाऊस मॅन यांच्या मनातून गेला नाही. १८६५ ते १९३८ या ७४ वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर आधारित 'पाऊस आणि दुष्काळ' हा त्यांचा अभ्यास १९५५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला हे महत्त्वाचे असते. रब्बी ज्वारीवर जगणाऱ्या अहमदनगर-सोलापूरच्या शेतकऱ्याला सप्टेंबरचा पाऊस हुकला तर वर्षाची सरासरी भरून उपयोग नसतो.

वोबर्न

इंग्लंडला परतल्यावर १९२८ पासून मॅन वोबर्न प्रयोगक्षेत्रावर काम करू लागले आणि ऐंशी ओलांडेपर्यंत तेथेच राहिले. मधल्या काळात आफ्रिकेतील न्यासालँड (आजचे मलावी) आणि टांगानिका येथील चहालागवडीवर त्यांनी १९३३ मध्ये अहवाल दिले.

वोबर्नची जमीन रेताड. १८७६-७७ पासून तेथे त्याच वाफ्यांत वर्षानुवर्षे गहू आणि बार्ली घेतली जात होती. ज्या वाफ्यांना सतत अमोनियम सल्फेट दिले गेले, ते इतके आम्ल झाले की पीकच येईनासे झाले. चुना घातल्यावर ते पुन्हा पिकू लागले. खताने जमीन बिघडू शकते आणि बिघाडाचे कारण अचूक कळले तर ती सावरूही शकते, याचे हे प्रयोगक्षेत्र जगभर उदाहरण ठरले. १९४२ मध्ये तेथे शेणखत, कंपोस्ट आणि सांडपाण्याचा गाळ यांचा तुलनात्मक प्रयोग सुरू झाला. गाळातील जड धातू जमिनीत दीर्घकाळ टिकून सूक्ष्मजीवांना अपाय करतात, हे त्याच वाफ्यांवरून पुढील पिढीच्या संशोधकांना समजले. मॅन यांचा तो उद्देश नव्हता.

१९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मापनाच्या पद्धतीतील पुढील बदल

मॅन आणि ताम्हणे यांच्या काळी भूजलाची पातळी विहिरीत दोर सोडून किंवा शेतात खड्डा खणून मोजत. एका खड्ड्याची नोंद म्हणजे एका जागेची आणि एका दिवसाची. आज पीटभूमी असो वा कालव्याखालची काळी जमीन, मोठ्या क्षेत्राची पाहणी उपग्रहांवरून केली जाते. केंद्रीय जल आयोग आणि इस्रो यांनी उपग्रह प्रतिमांच्या साहाय्याने देशातील मोठ्या व मध्यम सिंचन प्रकल्पांतील पाणथळ व क्षारयुक्त जमिनींचे मापन केले आहे. नेहमीच्या छायाचित्रासारख्या प्रतिमांत क्षारांचा पांढरा थर दिसतो, पण तो दिसेपर्यंत बिघाड पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि पावसाळ्यात ढगांमुळे काहीच दिसत नाही.

रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. त्यामुळे त्याला ढग वा अंधाराची अडचण येत नाही. पाण्याचे विद्युत गुणधर्म कोरड्या मातीपेक्षा फार वेगळे असल्याने ओली जमीन साधारणतः अधिक तीव्र प्रतिध्वनी देते. एकाच जागेच्या दोन वेळच्या लहरींच्या कलांतील फरक मोजला तर जमीन काही मिलिमीटर खचली वा फुगली हेही कळते. पीटभूमी ओलीने फुगते आणि कोरडी पडली की बसते. चर बुजवून पुन्हा पाणी साठवलेल्या पीटभूमीचे खचणे थांबले का, हे त्यामुळे प्रत्येक ठिकाणी खांब न पुरता तपासता येते. पृथ्वीच्या भूभागापैकी केवळ ३ टक्के व्यापणाऱ्या या भूमीत जगातील मृदाकार्बनचा सुमारे एक तृतीयांश साठा असल्याने या मापनाला आता हवामानबदलाच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे.

भारताचा रिसॅट-१ हा रडार उपग्रह २०१२ मध्ये, तर युरोपचा सेंटिनेल-१ए २०१४ मध्ये सोडण्यात आला. नासा आणि इस्रो यांचा संयुक्त उपग्रह निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला. तो सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या एल आणि सुमारे ९ सेंटिमीटर लांबीच्या एस अशा दोन पट्ट्यांत काम करतो आणि १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो. लांब लहरी पानांमधून अधिक सहज खाली जातात. उसासारख्या दाट, उंच पिकाखालची ओल पाहताना हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. दख्खनची काळी माती मात्र रडारलाही फसवू शकते, कारण ती दरवर्षीच पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. हे नेहमीचे हालणे आणि पाणी साचल्याने झालेला बदल वेगळे काढायला अनेक हंगामांच्या नोंदी लागतात. क्षार कोणता, सोडियम किती, हे तर रडारवरून कळतच नाही. त्यासाठी मातीचा नमुना काढून प्रयोगशाळेत न्यावाच लागतो.

लेखन

मॅन यांचे लेखन खात्याच्या पुस्तिका, नियतकालिके आणि अहवाल यांत विखुरलेले होते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डॅनिएल थॉर्नर यांनी भारत, मध्यपूर्व आणि इंग्लंड यांविषयीचे त्यांचे निवडक लेख संपादित केले. 'शेतीची सामाजिक चौकट' या अर्थाचे शीर्षक असलेला हा संग्रह मॅन यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९६७ मध्ये मुंबईच्या व्होरा आणि कंपनीने प्रकाशित केला. पिंपळे सौदागरची फेरपाहणी इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स या संस्थेने १९६० मध्ये प्रसिद्ध केली होती. नीरा खोऱ्यावरील पुस्तिकेचे मराठी भाषांतर सहज उपलब्ध नाही.